डाव्या अंगाची शेपटी

रविवार, ५ जानेवारी २०२५

समोशाचे तेलकट हात पुसले कुठं? तर कॉम्प्युटरच्या माउसवर! माझ्या डोळ्यांदेखत. आणि हीच बोटं आता आकाशातल्या वस्तूंवर शेरे मारणार. शिसारी आली.

विश्वजित सरांनी बोलावलं म्हणून गेलो. हे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात आणि दर रविवारी सकाळी चिकलठाण्याच्या एका कोचिंग क्लासच्या खोलीत आकाशवेड्यांचं मंडळ भरवतात. "मधुसूदनराव, रिटायर झालात, घरी बसून वहिनींना छळण्यापेक्षा इकडं या," म्हणाले. भानुमतीनंच त्यांना पढवलं असणार. मी घराबाहेर पडावं म्हणून ती नवस बोलायची बाकी आहे.

आधी चाळीस मिनिटं सत्कार. कशाचा? शोध लागल्याचा नाही, शोध सुरू केल्याचा! शाल, नारळ, फोटो, पुन्हा फोटो, कारण पहिल्या फोटोत सरांचे डोळे मिटलेले. त्यानंतर एका पोराचं 'दिशांची ओळख' नावाचं व्याख्यान. बत्तीस वर्षं भूमी अभिलेखात भूकरमापक होतो. अर्ध्या जिल्ह्याच्या जमिनी मोजल्या. मला उत्तर-दक्षिण शिकवणार? उठलो आणि खाली येऊन उभा राहिलो. जालना रोडची धूळ खाल्ली, पण ते व्याख्यान नाही खाल्लं.

सर मागोमाग आले. फोटो तपासायला वीसजण आहेत, पण कोन मोजायला पक्का माणूस नाही, म्हणाले. हो म्हटलं. वीसजणांत एक तरी हात स्वच्छ असावा.

मंगळवार, ७ जानेवारी

आठ दिवसांनी पाणी आलं. गढूळ. वर लोक मोटारी लावून ओढतात. किळसवाणं गाव झालंय.

रविवार, १२ जानेवारी

काम मात्र चांगलं आहे. लिहायला लाज वाटते, पण आहे.

मंगळ आणि गुरू यांच्यामधे लाखो दगड सूर्याभोवती फिरतात. लघुग्रह. बहुतेक सगळे मुकाट. पण त्यातल्या अगदी थोड्यांना धूमकेतूसारखी शेपटी फुटते. कुणी स्वतःभोवती इतका गरगरतो की अंगावरची धूळ सुटते. कुणाला दुसरा दगड येऊन धडकतो. कुणाच्या पोटात बर्फ असतो, सूर्याजवळ आला की त्याची वाफ होते आणि ती धूळ घेऊन बाहेर पडते. मोठमोठ्या दुर्बिणींनी वेगळ्याच कामासाठी काढलेले जुने फोटो ढिगानं पडून आहेत. त्यांत चुकून टिपलेली अशी शेपटी शोधायची. मंडळी फोटो बघतात, संशय आला की माझ्याकडं पाठवतात.

माझं काम एवढंच, की शेपटी खरी का डाग? धूळ मनाला येईल तिकडं जात नाही. सूर्याच्या उलट दिशेला ढकलली जाते, नाहीतर दगडाच्या मागं त्याच्या वाटेवर रेंगाळते. कोणत्या दिवशी कोणत्या दिशेला असायला हवी, तो आकडा कॉम्प्युटर देतो. उत्तरेपासून पूर्वेकडं इतके अंश. मी फोटोची छापील प्रत घेतो, त्यावर माझा पितळी कोनमापक ठेवतो. नोकरीतला आहे, हक्काचा. वर उत्तर, शून्य तिथं धरायचा आणि उजवीकडं मोजत जायचं. हात आपोआप फिरतो, बत्तीस वर्षांची सवय. आकडा जुळला तर शेपटी, नाही तर डाग.

आज सहा आले. सहाही रद्द! हिमांशू नावाचा पोरगा आहे, सरांचा सख्खा भाचा. तो मोबाईलवर रील बघत प्रत्येक फोटोला 'हो, शेपटी आहे' म्हणतो. एका फोटोत तर कॅमेऱ्याची रेघ होती, त्यालाही हो. त्याचे चार मीच रद्द केले. फार बरं वाटलं.

रविवार, १९ जानेवारी

एका पेपरात कुणा ज्योतिष्याचं भविष्य आलंय, की शेपटीचे दगड दिसू लागले की सत्तापालट होतो आणि तूळ राशीनं प्रवास टाळावा. मंडळातल्या दोघांनी ते गंभीरपणे वाचलं. तूळ राशीचा खजिनदार आज आलाच नाही.

नवीन मुलगी आली आहे. सोनिया. बी.एस्सी. झालेली, शेंद्र्याच्या एका कारखान्यात तपासणीला असते. दिवसभर भिंगाखाली सुट्या भागांवरचे ओरखडे बघायचे, हीच नोकरी. बोलत नाही. खातही नाही, हे त्यातल्या त्यात बरं. गाव विचारलं तर करमाड. वडील कोण? आप्पासाहेब.

ओळखतो की! दोन हजार सोळा. शेजारच्या पुंडलिकनं मोजणी मागितली होती, आप्पासाहेब सामनेवाले. मी हद्दीच्या दगडापासून मोजणी सुरू केली तर हे गृहस्थ चहाची किटली घेऊन मागं-मागं. दगड हललाय, साहेब, आधी चहा घ्या मग दाखवतो. दगड हललाय! मोजणीला गेलो आणि एकानं तरी असं म्हटलं नाही, असं कधी झालंय? लिंबाखाली कसल्याशा खड्ड्यात माझा पाय मुरगळला होता, वरून हा आग्रह. पक्षकाराच्या घरचं मी पाणीही घेत नसे, आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. हरकत असेल तर लेखी द्या, म्हणालो आणि काम पुरं केलं. अडीच गुंठे पुंडलिककडं निघाले. त्यांनी लेखी काही दिलं नाही. देणार काय? बांध कोरणारं घर.

आता त्याच घरातली मुलगी माझ्याकडं शेपट्या घेऊन येणार.

रविवार, २ फेब्रुवारी

आणली!

दोन हजार एकोणीसचा फोटो. मधे ठिपका आणि त्याच्या डाव्या अंगाला, जराशी खाली उतरलेली धूसर रेघ. कबूल करतो, देखणी होती. चुन्यात बोट बुडवून भिंतीवर ओढावी तशी, एका बाजूला दाट, पुढं विरत गेलेली. खोली गोळा झाली. सरांनी लगेच मोबाईल काढला.

यात एक गोष्ट आहे. पुण्याच्या एका संस्थेत सहा महिन्यांची जागा आहे, हेच काम, रोजचं, शिकवून करून घेणार. आपल्या मंडळातून एकाचं नाव जायचंय, २३ तारखेच्या आत. ज्याची एक तरी शेपटी तपासून पक्की झाली असेल, त्याचं. आत्तापर्यंत कुणाचीच नाही. सोनियाचा कारखान्यातला करार मार्चमधे संपतो. हे तिनं नाही सांगितलं, संध्यानं सांगितलं. संध्या म्हणजे मंडळाची चिटणीस, हिला सगळ्यांचं सगळं माहीत.

मी शांतपणे कोनमापक ठेवला. कॉम्प्युटर म्हणतो ११२ अंश. माझ्या मापात २४८. दोन-चार अंश इकडं-तिकडं मी समजू शकतो. एकशे छत्तीस?

रद्द म्हणालो. मागची एखादी अंधुक दीर्घिका असेल, ठिपका तिच्यावर येऊन बसला. जरा जास्तच मोठ्यानं म्हणालो, हेही लिहून ठेवतो. हे करमाडचं शेत नाही, इथं रेघ हवी तिकडं सरकवता येत नाही, असंही म्हणालो. दोघं-तिघं हसले. का हसायचं ते त्यांना कळलंही नव्हतं.

तिनं फोटोच्या डाव्या काठावर बोट ठेवलं. "सर, पूर्व..." एवढंच म्हणाली.

"पूर्व कुठं असते, ते मला ठाऊक आहे," मी म्हणालो.

बोट काढून घेतलं. पिशवी उचलली, करमाडची बस आहे म्हणाली आणि गेली.

सोमवार, ३ फेब्रुवारी

भानुमतीला सांगितलं. ती म्हणते, तिचं वाक्य तर पुरं होऊ द्यायचं. बायकांचं काय, कुणाचंही वाक्य पुरं ऐकत बसतात.

रविवार, ९ फेब्रुवारी

सोनिया आली नाही. विश्वजित सरांनी रद्दच्या कागदावर सही केली, फोटोकडं न बघता. एका हातानं सही, दुसऱ्या हातात कचोरी. "तुम्ही मोजलंय म्हणजे झालंच," म्हणाले. कागदावर तेलाचा डाग पडला. नवी प्रत काढून पुन्हा सही घेतली.

आजवर सतरा आले, सतरा रद्द.

रविवार, २३ फेब्रुवारी

पुण्याला नाव कुणाचं गेलं? हिमांशूचं! भाचा! ज्यानं एकही शेपटी शोधली नाही, ज्याला डोळे आहेत ते फक्त रील बघायला. पक्की शेपटी कुणाचीच नाही, मग 'एकूण सहभाग' बघून ठरवलं म्हणे. सहभाग म्हणजे मामा. पेढे वाटले. मी घेतला नाही. उरलेले पेढे उघडेच ठेवले होते, त्यांवर माशा. माशा नि मंडळी एकाच ताटात.

अशा वेळी बरं वाटतं, की आपण नियमानं वागलो. आपला एक शेरा असा नाही, की ज्याबद्दल कुणी बोट दाखवावं.

शनिवार, ८ मार्च

महिला दिनाचं फ्लेक्स. 'आकाशाला गवसणी घालणाऱ्या आमच्या भगिनी.' संध्या, आणखी तिघी आणि कोपऱ्यात सोनियाचा फोटो. ती महिनाभर फिरकलेली नाही! तिच्यापेक्षा चौपट मोठे विश्वजित सर, गॉगल लावून. भगिनी कुठल्या, हे शोधायला भिंग लागेल.

रविवार, ३० मार्च

पाडवा. मंडळाला सुट्टी. श्रीखंडात बाजारचा चक्का, आंबट. सोनियाचा करार उद्या संपतो, असं उगाच आठवलं. मला काय त्याचं!

शनिवार, १२ एप्रिल

कसं लिहू कळत नाही. क्रमानं लिहितो.

संध्यानं ग्रुपवर एक पान टाकलं. परदेशातल्या काही शास्त्रज्ञांनी जाहीर केलंय, की एका लघुग्रहाला गेल्या महिन्यात धुळीची शेपटी फुटलेली दिसली. नंबर बघितला. सहा आकडी. सोनियाचाच दगड.

म्हटलं योगायोग. आत्ता फुटली म्हणजे एकोणीस साली होती असं थोडंच? त्यांचा फोटो मोठा करून बघितला. कोपऱ्यात दोन बाण. वरच्या बाणाला उत्तर लिहिलंय. आणि पूर्व? डावीकडं!

हसलो. खरंच हसलो. एवढे शिकलेले लोक आणि पूर्व डावीकडं छापतात. त्यांना पत्र लिहायला बसलो, की महाशय, आपल्या चित्रात दिशा चुकली आहे. अर्धं पत्र झालं. मग वाटलं, एकदा खात्री करावी, यांचे दुसरे फोटो बघावेत. दुसऱ्यातही डावीकडं. तिसऱ्यातही. दुसऱ्याच एका देशाच्या दुर्बिणीचा बघितला, त्यातही.

पत्र पाठवलं नाही. जेवण गेलं नाही.

रविवार, १३ एप्रिल

सकाळी सात वाजता गच्चीवर सतरंजी टाकली. जमिनीचा नकाशा आपण वरून खाली बघतो. आकाश खालून वर बघतो. म्हणून पाठीवर झोपलो, डोकं उत्तरेकडं. आयुष्यात पहिल्यांदा.

भानुमती कपडे वाळत घालायला आली आणि किंचाळलीच. उत्तरेला डोकं करून झोपतं का कुणी? मेलेल्या माणसाला तसं ठेवतात! म्हटलं, दोन मिनिटं थांब. वर बघत राहिलो. डोक्याकडं उत्तर. आणि ऊन? ऊन डाव्या गालावर.

पूर्व डावीकडं. आकाशाच्या प्रत्येक फोटोत. पहिल्याच रविवारी तो पोरगा हेच शिकवणार होता आणि मी खाली रस्त्यावर धूळ खात उभा होतो.

उत्तरेपासून पूर्वेकडं मोजायचं म्हणजे डावीकडं मोजत जायचं. माझा हात उजवीकडं फिरला. सतराच्या सतरा वेळा. तिची शेपटी उजवीकडून २४८. डावीकडून मोजली तर?

खाली आलो, कोनमापक ठेवला. ११२. एका अंशाचा फरक नाही.

आज माझ्या मापाची जेवढी किळस आली, तेवढी मला कधी कुणाच्या तेलकट हाताची आली होती? आकडा चुकवला असता तर समजलं असतं, माणूस आहे, चुकतो. मी आकडा अचूक मोजला. चुकीच्या बाजूनं अचूक. आणि वर करमाडचं शेत काढलं, तिच्या बापाचं, वीसजणांत. "सर, पूर्व..." तिला कळलं होतं का? का नुसतीच विचारत होती? तेही मी ऐकून घेतलं नाही.

सोमवार, १४ एप्रिल

बाकीचे सोळा पुन्हा मोजले. सोळाही खरेच डाग. म्हणजे ज्या एका ठिकाणी माझी गरज होती, तिथंच.

मंगळवार, १५ एप्रिल

विश्वजित सरांना फोन केला. सगळं सांगितलं. म्हणाले, जाऊ द्या, आता कशाला उकरायचं? हिमांशू रुजू झालाय, संस्थेत आपलं नाव खराब होईल. मी म्हटलं, नाव खराबच आहे, फक्त कळायचं बाकी आहे. तेव्हा खरं ते बोलले. "मधुसूदनराव, मी तुमच्या भरवशावर सही केली. भूमी अभिलेखातला माणूस दिशेत चुकेल असं कुणाला वाटेल?"

मला यांचा तिटकारा येतो. पण आज त्यांचं म्हणणं खोडता येईना.

दुपारी त्या परदेशी लोकांना पत्र लिहिलं. भानुमतीच्या भाचीनं, मृण्मयीनं, इंग्रजी नीट करून दिलं. फोटो जोडला. शोधणारीचं नाव सोनिया, राहणार करमाड. नाकारणाऱ्याचं नाव मधुसूदन, कारण दिशा उलटी धरली. मृण्मयी म्हणाली, काका, हे दुसरं नाव कशाला? म्हटलं, राहू दे.

शुक्रवार, १८ एप्रिल

उत्तर आलं. तीनच दिवसांत! तिकडं कुणी कचोरी खात नसावं.

लिहितात, हा जुना फोटो फार मोलाचा आहे. हा दगड साडेपाच वर्षांत सूर्याभोवती एक फेरी मारतो. एकोणीस साली सूर्याजवळ आला तेव्हा शेपटी, आता पुन्हा जवळ आला तेव्हा पुन्हा शेपटी. टक्कर दर फेरीला त्याच जागी होत नसते. म्हणजे बहुधा आत बर्फ आहे. हे एका फोटोवरून कळत नाही, दोन लागतात. दुसरा तिचा. लेखात तिचं नाव घालायचंय, तिची परवानगी हवी.

हे फेब्रुवारीत पाठवलं असतं, तर त्यांच्या आधी हिनं सांगितलं असतं, की बघा, हा पुन्हा शेपटी काढणार. आणि पुण्याची जागा मामाच्या नाही, हिच्या नावानं गेली असती.

फोन केला तर आईनं उचलला. सोनियाला कारखान्यानं ठेवलं नाही. करमाडलाच एका गोदामात पेट्या मोजायला जाते. त्या डोळ्यांनी पेट्या!

भानुमती म्हणाली, फोनवर काय सांगता, जा. रविवारी जातो. छापील पत्र नेतो. काय बोलायचं ते कागदावर लिहून बघितलं, चारदा फाडलं. तिच्या समोर उभं राहायची भीती वाटते, हे खरं.

रविवार, २० एप्रिल

करमाड. सोनिया गोदामात होती, संध्याकाळी येणार. आप्पासाहेब ओट्यावर बसलेले. उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पत्राची नीट घडी घातली. मग म्हणाले, "पोरीला त्याच दिशी समजलं व्हतं, साहेब. घरी येऊन म्हणली, सरांनी पूर्व उलटी धरली. लिहून देते म्हणत व्हती. मीच म्हणलं, ऱ्हाऊ दे. त्या माणसाला सांगून उपयोग नाय. म्या सांगून बघितलंय."

मग शेतात नेलं. मी ज्याच्यापासून मोजणी धरली तो दगड दाखवला. तिथून नऊ पावलं चालले आणि लिंबाखाली थांबले. "हितं व्हता."

सोळा साली माझा पाय तिथंच मुरगळला होता. दगड नुकताच उपटलेला तो खड्डा, आणि मी त्यात उभा राहून चहा नको म्हणत होतो.

परत आलो. सोनियाच्या आईनं, साळूबाईंनी, चहा आणला. घेतला. मग एक कोरा कागद मागितला; हरकत लेखी लागते ना, ती आता मीच लिहून देणार.